चटणीची वही : फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२४

५ फेब्रुवारी, सोमवार

कारखाना म्हणावा एवढं मोठं नाही, पण घरकाम म्हणण्याइतकं लहानही आता राहिलेलं नाही. मंगळवार पेठेत घरामागच्या पडवीत मिरची कुटायचा एक डंक, दोन शेगड्या, एक कढई, एक सीलिंग मशीन. कांदा-लसूण मसाला करतो. बाहेरचे मसाला म्हणतात, आम्ही कोल्हापूरकर चटणीच म्हणतो. सात वर्षं झाली. गेल्या वर्षी अंदाजे चार हजार किलो गेली. ‘अंदाजे’ लिहिलं, कारण नेमका आकडा माझ्याकडं नाही.

मोसम तोंडावर आलाय. शिमग्याच्या आधीपासून मृग लागेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. गेल्या मे महिन्यात मी तीन दिवस अंथरुणाला खिळले होते आणि तीन दिवस डंक बंद होता. यंदा ते नको, म्हणून ही वही. पहिल्या पानावर कोण काय करतं ते मांडलं.

मिरची खरेदी : मी. देठं काढणं : गल्लीतल्या दोघी, किलोवर. खोबरं, तीळ, धणे, खसखस भाजणं : आत्या. (सासूबाई. वय ७१. चटणी मूळ त्यांचीच.) कांदा तळणं : मी. डंक : मी. वजन, भरणं, सील : मी आणि आत्या. दुकानांत पोचवणं : मी, स्कूटीवरनं, लांबचं असलं तर हे, शिफ्ट सुटल्यावर. बिलं : मी. फोन : मी. वसुली :

वसुलीपुढं काही लिहिता आलं नाही. तशीच मोकळी ठेवली.

ठरलं ते असं : डंकावर एक बाई ठेवायची. सगळ्यात कष्टाचं काम तेच. ते गेलं की मी सुटले.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंती. गल्लीत सकाळपासून हलगी. डंकावरच्या बाई, आम्ही मावशी म्हणतो त्यांना, येऊन आठवडा झाला. आधी दुसऱ्या डंकावर दहा वर्षं होत्या, त्यामुळं काही शिकवावं लागलं नाही. मिरचीचं पोतं उघडून मूठभर हातात घेतली, मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, “ही अजून दोन उन्हं मागतीया.” माझं मत तेच होतं, पण मला सांगायला अर्धा मिनिट लागला असता.

आठवडाभरात डंकाचं काम दीडपट झालं. आता अडतंय दुसरीकडं. भरायला माल तयार, पण कुणाला किती द्यायचा ते माझ्या डोक्यात, आणि माझं डोकं कढईत. तीन दुकानांचे फोन राहिले. एका दुकानात एकच माल दोनदा गेला. त्यांनी ठेवून घेतला, चांगली माणसं.

१४ मार्च, गुरुवार

परवा सोमवारी ब्याडगीच्या बाजारात मोठा राडा झाला. मिरचीचा भाव एकदम कोसळला म्हणून शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या गाड्या पेटवल्या, कचेरी फोडली. आपल्याला रंग देणारी मिरची तिथनंच येते. हावेरी जिल्ह्यातलं एवढंसं गाव, पण तिथं काही झालं की इकडं चार जिल्ह्यांच्या चटणीचा रंग बदलतो. शेतकऱ्याचं वाईट वाटतं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मनात हेही आलं की आत्ता घेऊन ठेवली तर पावसाळाभर बघायला नको.

दलाल म्हणाला, गेल्या साली एका पोत्याला दिलेत त्यात यंदा दोन येतील, चौदा घ्या. मी पाचच घेतली. रोख तेवढीच होती.

रात्री ह्यांनी विचारलं, “पैसे गेले कुठं मग? माल तर रोज जातोय.”

जेवण होईपर्यंत मी काही बोलले नाही.

१६ मार्च, शनिवार

काल आणि आज रात्री बिलबुकं काढून बसले. एक बिलबुक स्कूटीच्या डिकीत सापडलं, एक खोबऱ्याच्या डब्यामागं. बाकीचं वहीच्या मागच्या पानांवर, कॅलेंडरवर, मोबाईलच्या फोटोंत. एका बिलावर चटणीचं बोट उमटलेलं, आकडा त्याखाली. ते ४,२०० आहे की ९,२०० हे अजून कळलेलं नाही.

जेवढं वाचता आलं त्याची बेरीज : ३१ दुकानांकडं मिळून २ लाख ८६ हजार येणं. त्यातले ७४,५०० एकट्या एका मार्टकडं, सगळ्यात जुनं बिल नोव्हेंबरचं.

म्हणजे जी मिरची मला घेता आली नाही, तिचे पैसे माझ्याच बिलांत अडकलेत. एवढा वेळ मी समजत होते की माझे हात कमी पडतायत.

नणंदेचा मुलगा म्हणाला, “मामी, एखाद्या कर सल्लागाराकडं जा की.” मी म्हणाले, चटणी कुटणाऱ्या बाईला सल्लागार कशाला? तो म्हणाला, “कुटणारीला नाही गं, विकणारीला.”

२२ मार्च, शुक्रवार

गेले. लक्ष्मीपुरीत एका जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत कर सल्लागार मॅडम बसतात. माझ्याच वयाच्या. पिशवीतनं बिलबुकं काढून टेबलावर ओतली, खोलीभर लसणीचा वास. मला लाज वाटली. त्या म्हणाल्या, “वास चांगला आहे. भात लावायला हवा होता.”

मग प्रश्न सुरू झाले. विक्री किती? मी म्हणाले वीस-बावीस लाख असेल. जीएसटी नोंदणी? नाही, चाळीस लाखांच्या आत आहे ना. मालाची विक्री असेल तर मर्यादा चाळीस, हे मला पाठ होतं. त्यांनी मान डोलावली आणि बिलं चाळू लागल्या. एका बिलावर थांबल्या.

“निपाणीला माल जातो?”

“जातो की. तीनदा गेलाय. वीस-वीस किलो.”

“निपाणी कुठल्या राज्यात आहे, ताई?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. निपाणी म्हणजे इथनं तासाभराची वाट. चुलत बहीण तिकडं दिलीय, दुकानदार माझ्याशी मराठीत बोलतो, बिल मराठीत मागतो. आम्ही निपाणीला परराज्य म्हणतच नाही. सीमाप्रश्नाचं व्हायचं ते होईल, पण जीएसटीच्या लेखी ते कर्नाटक. आणि करपात्र माल राज्याबाहेर विकला की चाळीस लाखांची सवलत उरत नाही, पहिल्या किलोपासून नोंदणी लागते. माझ्या पाठांतरात हे कलम नव्हतं.

हातापायातलं बळच गेलं. दंड किती, पोलीस येतात का, असलं काहीबाही विचारलं. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. ६० किलो, ५०० रुपयांनी ३०,००० रुपयांचा माल. मसाल्याला ५ टक्के, म्हणजे १,५०० कर. वर व्याज. सगळं मिळून सोळाशेच्या घरात. नोंदणी घ्यायची, हे भरून टाकायचं, पुढं नीट चालायचं. मी हे सगळं ऐकून हसले बहुतेक, कारण त्या म्हणाल्या, “हसू नका. साठ किलो होते म्हणून. सहाशे असते तर?”

मग पर्याय. एक, निपाणी सोडायची आणि नोंदणीच नको. दोन, विक्रीवर एक टक्का ठोक कर भरायची कंपोझिशन योजना घ्यायची. पण तीत राज्याबाहेर विकता येत नाही, म्हणजे निपाणी सुटलीच. तीन, साधी नोंदणी, तिमाही विवरणपत्र, राज्याबाहेर विकायला मोकळीक, वर पाऊच आणि मिरचीवर भरलेला कर वजा. निपाणीचा महिन्याचा माल वाढतोय, बेळगावचं एक दुकान विचारतंय, पणजीची एक बाई दोनदा घेऊन गेली. तिसरा घेतला. माझ्या उंबऱ्यापासून दोन राज्यं एवढी जवळ आहेत की दुसरं काही शोभलं नसतं.

उठता उठता त्यांनी माझं पाकीट उलटं करून मागचा नंबर बघितला. अन्नपरवान्याचा, १४ आकडी.

“हा २ ने सुरू होतोय. म्हणजे ही नुसती नोंदणी आहे, परवाना नाही. बारा लाखांपर्यंतच चालते ही.”

२०१९ साली वर्षाला शंभर रुपये भरून घेतली होती, पाच वर्षांची एकदम. तेव्हा विक्री चार लाखांची. बारा लाख कधी ओलांडले ते मला कळलंही नाही, कारण बेरीज कधी केलीच नव्हती. आता राज्य परवाना हवा. फी वर्षाला ३,०००, पडवीचा नकाशा, पाण्याचा तपासणी अहवाल, यंत्रांची यादी. नंबर बदलणार, आणि तो १ ने सुरू होणार.

आणि मी कालच दहा हजार छापील पाऊचची ऑर्डर तोंडी दिली होती, जुन्या नंबराची. जिन्यातनंच फोन लावला. छपाईचा सिलेंडर अजून कोरला नव्हता.

मॅडमची फी महिन्याला १,५००. घरी येताना हिशोब केला : तीन किलो चटणी.

३० मार्च, शनिवार

मार्टचे ७४,५०० आले. सगळे.

मी काही भांडले नाही. गेले दोन महिने व्यापारी मंडळींत ‘४५ दिवस’ एवढंच ऐकू येत होतं, पण ते आपल्यासाठी आहे हे माहीत नव्हतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यायचं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत उलटून गेलेलं बिल ३१ मार्चला तसंच थकलेलं असेल तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. हा नियम लागू झाल्याचं हे पहिलंच वर्ष. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्याला तो मिळत नाही, पण आपण माल बनवतो. उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी माझ्याकडं २०२१ पासून होती. बँकेनं मागितली म्हणून फुकटात केली आणि कागद कपाटात साडीखाली ठेवला. मॅडमनी चार ओळींचं पत्र लिहून दिलं, खाली उद्यम नंबर. मंगळवारी पाठवलं, आज पैसे.

चार महिने मी त्या मार्टच्या माणसाला दर आठवड्याला फोन करून “दादा, बघा की जरा” म्हणत होते.

सोमवारी ब्याडगीची आणखी नऊ पोती सांगणार. पडवीत जागा नाही, चिखलीला माहेरी ठेवीन.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, डंकाला हळद-कुंकू, मावशींना साडी. दुपारनंतर सुट्टी. नव्या परवान्यासाठी पडवीचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढला, लेकाच्या पट्टीनं. कढईची जागा काढताना कळलं की कढई दारात आहे. सात वर्षं ओलांडून जातोय.

२८ एप्रिल, रविवार

मॅडमनी एक काम दिलं होतं : एक आठवडा प्रत्येक तासाला काय केलं ते लिहा. मला पोरखेळ वाटला. तरी लिहिलं.

कांदा तळणं १४ तास. फोन ११ तास. माल पोचवणं १०. बिलं लिहिणं, बिलं शोधणं, कुणी किती दिले ते आठवणं ९. मिरची ३. डंक २.

डंकाला आधी बारा-तेरा तास जायचे. म्हणजे मावशी आल्या त्याचा फायदा झालाच, नाही म्हणणार नाही. पण जे दहा तास सुटले ते फोननं खाल्ले. माल जास्त निघाला, दुकानं वाढली, तेवढे फोन वाढले.

गल्लीच्या टोकाची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी दोन तास, महिना ४,०००. एक तारखेपासून. धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्यायचं आणि ते तिच्याकडं.

हे लिहिताना पोटात गोळा येतोय. मावशींच्या हातात डंक देताना आला नव्हता. दुकानदाराशी बोलणं म्हणजे धंदा, असं माझ्या डोक्यात बसलंय. आणि तिला कळलं की कुणाकडं किती अडकलेत, मी कुणाला घाबरते, कुणाला भावात सूट देते, तर? ही काय भीती झाली! पण आहे.

७ मे, मंगळवार

मतदान. डंक बंद. बोटाला शाई, त्याखाली हळद, त्याखाली मिरची. मुलीनं पहिल्या आठवड्यात सगळी येणी एका तक्त्यात भरली. मी तिचं प्रत्येक बिल पुन्हा तपासतेय; काल ती म्हणाली, “काकू, तुम्ही दोनदा तपासलं की तुमचे दोन तास जातात आणि माझेही.” बरोबर आहे. तरी तपासलं.

ती एक गोष्ट मात्र माझ्याहून बरी करते. लोक फोनवर विचारतात, “तिखट किती आहे?” मी दहा मिनिटं समजावत बसायची. तिनं तीन वाट्यांत तीन चटण्या ठेवून फोटो काढला, खाली लिहिलं : पोरांना चालेल, जेवणाला चालेल, पाहुण्यांना विचारून वाढा. आता तोच पाठवते.

१८ जून, मंगळवार

गडहिंग्लजच्या दुकानातनं ११ पाकिटं परत. अर्ध्या किलोची. गोळे झालेत, आणि दोन पाकिटांत कडेला पांढरं.

सात वर्षांत असं झालं नव्हतं. दुकानदार शांतपणे बोलला, ते जास्त लागलं. ओरडला असता तर बरं.

बुरशी येते कशी ते माहीत आहे. मिरची ओली किंवा कांदा ओला. मिरची दोन उन्हं जास्तच खाल्लेली होती, मावशी सोडत नाहीत. राहिला कांदा. कांदा उभा चिरून उन्हात सुकवतो, मग तेलात तळतो. तो कढईतनं काढताना बदामी दिसला पाहिजे, कारण बाहेर आल्यावरही आतल्या आचेनं तो पुढं शिजतो, रंग आणखी एक पायरी गडद होतो. गार झाला की चिमटीत घेऊन चुरडायचा : कुरकुरला पाहिजे, भुगा झाला पाहिजे. बोटाला चिकटला, चामट लागला, तर आत ओल आहे. ती ओल मे महिन्यात दिसत नाही. जूनच्या पहिल्या पावसात, पाकीट बंद असलं तरी, वर येते.

रात्री मनात पहिला विचार आला : मावशींनी तळला असेल एखाद्या दिवशी. असा विचार आला हे इथं लिहून ठेवते.

२० जून, गुरुवार

नव्या लेबलावर घाण्याचा नंबर असतो. परत आलेली सगळी पाकिटं २२ मेच्या घाण्यातली. तो घाणा ३८ किलोचा, म्हणजे ७६ पाकिटं. मुलीनं तक्ता उघडला आणि अर्ध्या तासात सांगितलं की ती कुठल्या सात दुकानांत गेली. तिनंच सगळ्यांना फोन केले. आजवर ४१ आली, बाकी खपलीत. एप्रिलआधी हे झालं असतं तर मला सगळ्या बाजारातनं सगळा माल उचलावा लागला असता, किंवा काहीच नाही.

घाण्याच्या वहीत ‘कांदा कुणी तळला’ असा रकाना आहे. २२ मेसमोर माझं अक्षर : मी.

आठवलं. त्या दिवशी बेळगावच्या दुकानाचा भाव ठरत होता. सिम मुलीकडं दिलं, पण मोठी दुकानं अजून माझ्याच नंबरवर. एका हातात झारा, खांद्यात मान वाकवून फोन. घाई झाली म्हणून कांदा आधी काढला आणि कोमट असतानाच डंकावर टाकला. बेळगाव ठरलं नाहीच.

आत्यांना सांगितलं. त्या जात्याशेजारी बसून लसूण सोलत होत्या.

“मग आता मावशीला दे की तळायला.”

“हाताची गोष्ट आहे, आत्या. तुम्हीच म्हणायचा, चव हातात असती.”

“व्हय. पर तुझा हात आता फोनला हाय.”

३ जुलै, बुधवार

तळण मावशींकडं दिलं. ‘हातानं कळतं’ हे दुसऱ्याला कसं द्यायचं, यावर तीन दिवस डोकं लावलं. शेवटी वजन सापडलं. माझ्या हाताला बरे वाटलेले सहा घाणे तळण्याआधी आणि नंतर मोजले. १० किलो कच्चा कांदा सुकून, तळून २ किलोच्या आसपास उरतो. २ किलो १०० पर्यंत चालतो. त्यावर गेला तर ओल आहे, पुन्हा मंद आचेवर. १,८०० च्या खाली गेला तर करपला, चटणी कडसर होते.

मावशींनी काटा बघून नाक मुरडलं. चार घाणे तळले, एकदाही काट्याकडं न बघता. मी मागनं मोजले : १,९६०, २,०१०, १,९८०, २,०२०. माझे स्वतःचे सहा घाणे १,८५० ते २,१३० होते. हा आकडा मी कुणाला दाखवला नाही, फक्त इथं लिहिला.

मावशींचा रोज वाढवला. तळण हे डंकापेक्षा वरचं काम आहे, पैसेही वरचे.

आणि मोठ्या दुकानांचे नंबरही त्या सिमवर वळवले. बेळगावसकट.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगा धोक्याच्या पातळीवर. राजाराम बंधाऱ्याचा आकडा दर तासाला मोबाईलवर येतो, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, शहरातल्या पोरांनाही पाठ असतं. चिखलीत पाणी शिरायच्या आत माहेरचे सगळे जनावरांसकट वर निघाले. माझी ब्याडगीची पोती खालच्या सोप्यात. बुधवारी सकाळी भावाचा फोन आला आणि मी तशीच निघाले. नऊतली सहा शिल्लक होती, सहाही ट्रॅक्टरवर टाकून आणली. एक तळाला भिजलं, त्यातली मिरची टाकली.

दोन दिवस मी पडवीत पाय ठेवला नाही. आज सकाळी आले तर मावशींनी तीन घाणे काढलेले, घाण्याची वही भरलेली, वजनं लिहिलेली (त्यांना अक्षर येत नाही, आकडे येतात). मुलीनं दुकानांना सांगितलं होतं की रस्ते मोकळे होईपर्यंत माल उशिरा. कुणाचाही मला फोन आला नव्हता.

थोडं वाईटही वाटलं. कुणी तरी विचारायला हवं होतं, काकू कुठायत म्हणून.

२९ ऑगस्ट, गुरुवार

एक गृहस्थ आले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. ‘सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतनं तुम्हाला कांदा सुकवायचं यंत्र मिळवून देतो, ३५ टक्के अनुदान, आमचे फक्त दहा टक्के, अर्धे आधी.’ फाइलमध्ये माझ्या चटणीचा फोटोही होता, कुठनं काढला कोण जाणे.

मॅडमना विचारलं. योजना खरी आहे, केंद्राची, २०२० पासूनची. प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, बँकेच्या कर्जाला जोडून. आपले किमान दहा टक्के घालायचे. इथं ती कृषी विभागाकडनं चालते. अर्ज भरायला जिल्ह्यात साधनव्यक्ती नेमलेत, त्यांचं मानधन सरकार देतं, आपण द्यायचं नसतं. म्हणजे तो माणूस फुकटच्या गोष्टीला दहा टक्के मागत होता.

मार्चमध्ये आला असता तर मी दिले असते. तेव्हा मी इतकी दमलेली होते की कुणी ‘मी करतो’ म्हटलं की माझे डोळे भरून यायचे.

साधनव्यक्तीला भेटून आले. भला माणूस, पंचावन्नच्या पुढचा, आधी कृषी खात्यातच असावा. त्यानं सरळ विचारलं, “यंत्र कशासाठी? कांदा सुकत नाही म्हणून, की मिळतंय म्हणून?” पावसाळ्याचे तीन महिने कांदा सुकत नाही हे खरं. पण त्या तीन महिन्यांत आपला खप वर्षाच्या पाचव्या हिश्शाएवढाही नाही, आणि हे मला आता तक्त्यावरनं सांगता येतं. मोसमात जास्तीचा कांदा सुकवून ठेवला तरी भागेल. कर्ज आत्ता नको. जानेवारीत पुन्हा बघू. त्याचा नंबर घेतला.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरीपूजन. डंक बंद, सगळ्यांना पुरणपोळी. पहिल्या तिमाहीचं विवरणपत्र जुलैतच वेळेवर गेलं होतं. तेव्हा लिहायचं राहिलं. येणी आता ९८ हजार, साठ दिवसांवरचं एकच दुकान. ते माझ्या मामेभावाचं. तिथं मुलीला फोन करू देत नाही, मीच करते, आणि करत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

माळा सुरू आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या लोकांनी पडवीपर्यंत रांग लावली. दुपारपर्यंत ५४ किलो हातोहात गेली. कुणीतरी मंदिराजवळच्या वडापाववाल्याला विचारून आलं म्हणे.

मुलीची परीक्षा तोंडावर आलीय, उद्यापासून वीस दिवस ती नाही. मी म्हणाले, सिम दे माझ्याकडं. तिनं सिम दिलं आणि सोबत एक वही. प्रत्येक दुकानाचं एक पान : कधी फोन करायचा, कुठला माल, कुठला भाव, शेवटचे पैसे कधी. काही पानांवर शेवटी एक ओळ, तिच्या बारीक अक्षरात. ‘दुपारी दोन ते चार झोपतात.’ ‘आधी तब्येत विचारायची.’ ‘हे जास्त घासाघीस करतात, पण पैसे दुसऱ्या दिवशी देतात.’

मामेभावाच्या पानावर लिहिलंय : ‘काकूंना आठवण करणे.’

संध्याकाळी निपाणीचा फोन आला. चाळीस किलो हवी, आणि म्हणाला, “भाव जुनाच ना, ताई?” मी तोंडातनं हो म्हणायच्या बेतात होते. पान उघडलं. १ ऑक्टोबरपासून किलोला वीस वाढवलेत, त्याला तसं कळवलंय, आणि तो कबूलही झालाय.

“नाही,” मी म्हणाले, “मुलीनं सांगितलाय तोच.”

तो हसला आणि म्हणाला, बरं, तोच लावा.